तपकिरी अस्वल बघायला द्रासला: गोव्यातून निघणाऱ्यांसाठी

कळंगुट किंवा सिकेरीच्या किनाऱ्यावर 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत' अशी पाटी तुम्ही पाहिलीच असेल. त्या पाटीमुळे काय होतं तेही पाहिलं असेल. एक पाठ वर आली की पाच-सहा बोटी मोटार फिरवत तिच्यामागे धावतात. हिमालयातलं तपकिरी अस्वल बघायला लडाखमधल्या द्रासला निघण्याआधी ही पाटी डोक्यातून काढून टाका. माझ्या मते अर्धी तयारी तिथेच होते.

आधी प्राण्याबद्दल. आपल्या सत्तरीत, म्हादईच्या रानात किंवा मोलेच्या बाजूला जे अस्वल आहे ते वेगळं. ते काळं, झिपऱ्या केसांचं, वाळवी खाणारं. काजूच्या मोसमात बोंडूंच्या वासाने बागायतीत उतरणारं. हिमालयीन तपकिरी अस्वल ही युरोप, रशिया, अलास्कात सापडणाऱ्या तपकिरी अस्वलाचीच एक उपजात. रंग वाळलेल्या गवतासारखा, कधी लालसर, खांद्यावर स्पष्ट उंचवटा. राहायचं ठिकाण झाडांच्या रेषेच्या वर, साधारण तीन ते पाच हजार मीटरवरची कुरणं आणि दगडी उतार. भारतात ते लडाख, काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडाच्या उंच भागांत तुरळक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. लडाखी भाषेत त्याला द्रेनमो म्हणतात.

अलास्कातल्या कॅटमाई उद्यानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ब्रूक्स धबधब्यावर ओळीने उभी अस्वलं आणि त्यांच्या तोंडात उडी मारणारे सामन मासे. तिथे जुलैमध्ये मासा नदी चढतो म्हणून अस्वलं एका जागी जमतात आणि माणसं लाकडी मचाणावर उभं राहून बघतात. द्रासमध्ये अस्वलांना एका जागी आणणारं असं काही नाही. गवत, कंदमुळं, किडे, जमेल तेव्हा बिळातून उकरून काढलेला मार्मोट (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी), असं त्यांचं खाणं मैलोन् मैल विखुरलेलं. त्यामुळे एकेक अस्वल मोठ्या मुलखावर फिरतं. त्यांना एका जागी खेचणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आपला कचरा. म्हणून कोणी 'अस्वल दाखवण्याची गॅरंटी' दिली, तर तो तुम्हाला उकिरड्यावर नेणार आहे असं समजा. सोनमर्गच्या परिसरात अस्वलांच्या विष्ठेत प्लास्टिक, दूध पावडर, चॉकलेटची वेष्टनं सापडली आहेत. उकिरड्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत अस्वल दिसेल, पण ते बघायला दोन हजार किलोमीटर विमान आणि वर डोंगररस्ता कशाला?

द्रासच का? लडाखच्या पश्चिम टोकाला, झोजिला खिंडीच्या पलीकडे, श्रीनगर-लेह महामार्गावर हे गाव आहे. उंची सुमारे ३,२०० ते ३,३०० मीटर. महामार्गामुळे पोचता येतं आणि मुश्कोहसारखी बाजूची खोरी अजून बऱ्यापैकी मोकळी आहेत. नियंत्रण रेषेच्या पलीकडे देवसाईचं पठार लागतं. तिथे पाकिस्तानने १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान केलं. तिथल्या अभ्यासात या अस्वलांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मादी पहिल्यांदा पिल्लं देते तेव्हा ती साधारण आठ वर्षांची असते, आणि दोन वेतांमध्ये पाच-सहा वर्षं जातात. एक मादी गेली किंवा एक पिल्लू दुरावलं तर ती जागा भरायला किती काळ लागतो, याचा हिशेब तुम्हीच करा. पुढे मी अंतराबद्दल कटकट करणार आहे ती याचसाठी.

कधी जायचं

अस्वलं थंडीत बिळात झोपतात आणि वसंतात बाहेर येतात. माझ्या मते दोन मोसम चांगले. एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत बर्फ वितळत असतं. ज्या कडेला बर्फ सरकून नवं गवत उगवतं, तिथे अस्वलं चरायला खाली येतात. भुऱ्या उतारावर बर्फाच्या पट्ट्या असल्या की नजर कुठे लावायची तेही कळतं. दुसरा मोसम सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे आपली चवथ आटोपल्यावर. झोपेआधी चरबी साठवायची असल्याने ती दिवसाचा बराच वेळ खात असतात. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती उंच चढतात, आणि झोजिला ओलांडून आलेल्या मेंढपाळांचे कळप व कुत्रे कुरणांत असतात. त्या काळात दिसतच नाही असं नाही, पण चढ जास्त आणि गर्दीही जास्त.

एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी हिमस्खलनाची आणि खिंड बंद होण्याची शक्यता धरून दोन दिवस राखून ठेवायचे. परतीचं विमान घट्ट बांधून घेतलंत तर खिंड उघडायची वाट बघताना अस्वलाचा सगळा आनंद जाईल.

श्रीनगरहून की लेहहून

मोपा किंवा दाभोळीहून दिल्लीमार्गे श्रीनगर, हा मला योग्य वाटणारा मार्ग. लेहला विमानाने उतरलात तर समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर पोचता. आपण गोंयकार आहोत हे विसरू नका. आपलं सर्वांत उंच शिखर, सोसोगड, जेमतेम अकराशे मीटरच्या वर. शरीराला उंची म्हणजे काय ते माहीतच नाही.

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, तिथे एक रात्र. मग ८० किलोमीटरवरचं सोनमर्ग, सुमारे २,७०० मीटर, तिथे एक रात्र. २०२५ च्या जानेवारीत सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून हा टप्पा सोपा झाला आहे. तिसऱ्या दिवशी ३,५२८ मीटरची झोजिला ओलांडून द्रास. खिंडीतल्या वाहतुकीच्या वेळा पोलीस ठरवतात, त्या आदल्या रात्री विचारून ठेवा. श्रीनगर ते द्रास साधारण १४५ किलोमीटर आहे, म्हणून ड्रायव्हर एका दिवसात नेतो म्हणेल. पहिल्या वेळी आम्ही त्याचं ऐकलं. त्या रात्री आमच्यातला एकजण, कॉलेजात फुटबॉल खेळलेला धट्टाकट्टा गडी, डोकं धरून ओकत बसला. दुसऱ्या दिवशी त्याला परत सोनमर्गला उतरवावं लागलं. व्यायामाची सवय आणि उंचीचा त्रास यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, चालताना तोल जाणं यांकडे दुर्लक्ष करायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा उपाय. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते मुद्दाम सांगून. द्रासला पोचलेला दिवस आणि पुढचा अर्धा दिवस काही करायचं नाही. गावात फिरा, १९९९ च्या युद्धाचं स्मारक बघा, पाणी पीत राहा. फेणीची बाटली बॅगेत टाकली असेल तर ती परत येईपर्यंत बॅगेतच राहू द्या.

परवानग्या आणि सीमा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. मुश्कोह खोरं नियंत्रण रेषेला लागून आहे. कुठपर्यंत जाता येईल हे त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतं, आणि चौकीवरच्या जवानाचा शब्द शेवटचा. बुकिंग करण्याआधी होमस्टेच्या मालकाला विचारा, कारगिलच्या जिल्हा प्रशासनाच्या ताज्या सूचना बघा, वन्यजीव विभागाच्या स्थानिक कचेरीत जाऊन नाव सांगा. आधार कार्डाच्या छायाप्रती सोबत ठेवा. ड्रोन घरी ठेवा. लष्करी ठाणी, पूल, गाड्यांचे ताफे यांचे फोटो नाहीत, आणि तुमची लांब भिंग असलेली दुर्बीण कुठे रोखलेली आहे याचं भान असू द्या.

अजून एक गोष्ट अस्वलापेक्षा महत्त्वाची. या भागात युद्धातले न फुटलेले तोफगोळे अजून मिळतात आणि त्यांनी माणसं मेली आहेत. जमिनीत रुतलेला कुठलाही धातूचा तुकडा उचलायचा नाही. गावकरी ज्या वाटेने जातात तीच वाट. एकट्याने 'जरा पलीकडे बघून येतो' म्हणायचं नाही.

तुमचं प्रीपेड सिम तिथे चालणार नाही, पोस्टपेड चालतं, तेही रेंज असेल तिथे. रोख पैसे श्रीनगरलाच काढा.

माणूस निवडणं

सगळ्या खर्चात चांगला खर्च कुठला असेल तर तो स्थानिक गाईडचा. त्याला आज कुठल्या नाळीत अस्वल उतरलं ते शेजारच्या मेंढपाळाकडून सकाळीच कळलेलं असतं. फोनवर बोलताना मी तीन गोष्टी विचारतो. किती लांबून बघायचं? दिसलं नाही तर काय? रात्री जेवणाचा कचरा कुठे टाकता? पहिल्याला 'अगदी जवळून', दुसऱ्याला 'दिसणारच' आणि तिसऱ्याला हसू, असं उत्तर आलं की दुसरा माणूस शोधायचा. माझा आत्ताचा गाईड पहिल्या प्रश्नावर म्हणाला होता, 'जितना दूर, उतना देर तक.' जितकं लांब, तितका जास्त वेळ बघायला मिळेल. मी तिथेच ठरवून टाकलं.

गाव मुसलमान, बहुतांश शिना बोलणारं, पण हिंदी सगळ्यांना येते. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. रमजान असेल तर गाईडच्या उपवासाचा विचार करून दिवस आखा.

काय न्यायचं

म्हापशाच्या बाजारात थंडीचे कपडे शोधू नका, दिल्लीत किंवा श्रीनगरात घ्या. अंगाला लागून घाम शोषणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं. सुती बनियन ओली झाली की वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते. रंग मातकट, ते लाल-पिवळं जॅकेट फोटोत छान दिसतं, पण उतारावर तुम्ही दीपमाळेसारखे दिसता. गॉगल आणि सनक्रीम हवंच, बर्फावरचं ऊन आपल्या मे महिन्याला मागे टाकतं.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. पक्षी बघणाऱ्या मित्राकडे असेलच, मागून घ्या. खरं काम मात्र तिपाईवर लावलेल्या स्पॉटिंग स्कोपचं. २० ते ६० पटींचा स्कोप असला की एक किलोमीटरवरचं अस्वल काय खातंय ते दिसतं. बऱ्याच गाईडांकडे असतो, आधी विचारा. फोन स्कोपला लावायचा जोड मिळतो, तो घ्या. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून जादाच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायच्या.

खाण्याबद्दल एक खास गोव्याची सूचना. बाहेर गेलं की आपल्याला तिसऱ्या दिवशी नुस्त्याची आठवण येते आणि आईने बॅगेत सुक्या सुंगटांची पुडी टाकलेली असते. ती काढा. अस्वलाचं नाक कुत्र्याच्याही पुढे आहे, आणि किसमुरीचा वास तर आपल्यालाच चार घरं पलीकडून येतो. काजू, चणे, गूळ, सुकी फळं, तेही बंद डब्यात. तंबूत राहणार असाल तर खाणं, टूथपेस्ट, साबण यातलं काही आत ठेवायचं नाही. डबे तंबूपासून शंभर मीटर तरी लांब. पण खरं सांगू? तंबू कशाला? होमस्टेची भिंत जाड असते आणि बुखारी, म्हणजे खोलीतली शेगडी, गरम असते.

प्रत्यक्ष बघणं

पहाटे उजाडण्याआधी निघायचं आणि नऊपर्यंत बसायचं. पुन्हा दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळी झोपा, अस्वलंही बहुधा झोपलेली असतात.

बसायची जागा समोरच्या डोंगरावर, मध्ये नदी किंवा नाळ असलेली. यामागे वारा आहे. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की वर चढू लागते. म्हणजे सकाळी तुम्ही अस्वलाच्या वर असाल तर तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचतो, आणि दहानंतर खाली असाल तर तेव्हाही पोचतो. खोऱ्याच्या पलीकडे बसलं की हा घोळ बराचसा टळतो.

डोळ्यांनी शोधायचं नाही. तिपाईवर दुर्बीण लावून डोंगराचे पट्टे पाडायचे, डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग खालचा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मघाशी जो दगड होता तो आता तिथे नाही, असं झालं की थांबा. बर्फाच्या कडा, नव्या हिरव्या गवताचे तुकडे, उकरलेल्या मातीचे ताजे डाग आधी बघा. मार्मोटची शिट्टी ऐकली की तिकडे दुर्बीण वळवा. तो कोणाला तरी घाबरलाय, ते अस्वल असेल, गरुड असेल, नाहीतर तुम्हीच.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला ते अस्वल वाटलंच नाही. वाळक्या गवताची गंजी उतारावरून वर सरकत होती. मग ती थांबली, पुढच्या पायांनी माती उडवू लागली, आणि खांद्याचा तो उंचवटा हलताना दिसला. चाळीस मिनिटं ती खोदत होती. आम्ही सातशे-आठशे मीटरवर होतो आणि तिला आमचं काही देणंघेणं नव्हतं. त्या चाळीस मिनिटांत मी एकही बरा फोटो काढला नाही.

माझा नियम: तीनशे मीटरच्या आत जायचं नाही, पिल्लं असतील तर त्याच्या दुप्पट. कॅटमाईत ४५ मीटरचा नियम आहे, पण तिथल्या अस्वलांना माणसांची सवय आहे आणि पोट माशांनी भरलेलं आहे. इथल्या अस्वलाने तुमच्याकडे बघत चरणं थांबवलं, मान वर करून तुम्हालाच हुंगायला लागलं, की तुम्ही जवळ आहात, मागे या. मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका. ते हल्ल्याची तयारी नसून नीट बघण्या-हुंगण्याचा प्रयत्न असतो. कान मागे, फुत्कार, दात आपटण्याचा आवाज, हे मात्र खरे इशारे.

आणि वाटेत अचानक समोर आलंच तर? पळायचं नाही, ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावू शकतं. सगळे एकत्र उभे राहा, शांत आवाजात बोला, पाठ न फिरवता तिरके मागे सरका, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. दचकलेल्या अस्वलाने अंगावर येऊन खाली पाडलंच तर पोटावर पालथं पडायचं, पाठीवरची बॅग तशीच, बोटं गुंफून मानेवर, पाय फाकवून, म्हणजे उलटवणं अवघड जातं. आणि ते निघून जाईपर्यंत हलायचं नाही. मिरचीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. वळणांवर आणि झुडपांत बोलत चालणं हाच मोठा बचाव. आपल्याकडे काजूच्या बागेत शिरताना जाणते लोक आधी आवाज देतात, तीच गोष्ट.

मला विचाराल तर मेंढपाळांच्या कुत्र्यांची भीती अस्वलापेक्षा जास्त धरा. कळप दिसला की लांबून हाक मारा आणि मेंढपाळ कुत्रे बांधेपर्यंत थांबा. ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत येतं.

हाकलणं, दगड मारणं, खाणं टाकून बोलावणं यातलं काहीही करू नका, आणि सोबतच्या कोणाला करू देऊ नका. वन्यजीव कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत हाकारणं आणि आमिष दाखवणंही येतं. काही वर्षांपूर्वी द्रास भागातला एक व्हिडिओ देशभर फिरला होता, कड्यावर चढणारं अस्वल आणि खालून भिरकावलेले दगड. तो बघितला असेल तर यावर जास्त बोलायची गरज नाही.

फोटो टाकताना ठिकाण लिहू नका. अस्वलासाठीही आणि सीमेसाठीही. तुमची रिकामी पाकिटं, वापरलेले सेल, सॅनिटरी पॅड, सगळं पिशवीत भरून श्रीनगरपर्यंत परत आणा. गावात कचऱ्याची सोय तुटपुंजी आहे आणि जे मागे राहतं ते अस्वलाच्या पोटात जातं.

दिवस किती? येणं-जाणं धरून दहा, त्यातले बघण्याचे पाच. पाचांत एकदाही दिसलं नाही असंही होतं. आमच्या दुसऱ्या फेरीत तसंच झालं. आयबेक्स, म्हणजे डोंगरी रानबोकड, दिसले, लाल कोल्हा दिसला, गाईडच्या घरच्या चहाच्या अगणित फेऱ्या झाल्या, अस्वल नाही. निघताना तो पैसे कमी घ्यायला तयार होता, तोंड उतरलं होतं त्याचं. आम्ही ठरलेले पूर्ण दिले आणि वर सोबत नेलेले काजू. पुढच्या एप्रिलच्या शेवटी मडगावात मासळी घेत असताना त्याचा फोन आला. 'मादी दोन पिल्लं घेऊन उतरली आहे. अजून कोणाला सांगितलं नाही. येताय?'